ब्रेनच्या तळ्यावर: थोडी गळाची मासेमारी, बरीचशी तळ्याची मशागत

काठावरचा (धागाकर्ता)

परदेशातल्या छंदांवर इथे मागे चर्चा झाली तेव्हा मी कार्प या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मासेमारीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेले प्रश्न बहुतेक माशाबद्दल होते: केवढा मिळतो, काय लावून धरता, खाता का. मला मात्र तळ्याबद्दल सांगायचं आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

नॉटिंगहॅमच्या आसपासचे आम्ही काही मित्र ऑक्टोबरात फ्रान्समधल्या एका तळ्यावर जातो. बरेचसे इंग्रज, एक पोलिश, आणि वाईचा मी. आमच्यातल्या दोघांनी त्यांच्या नातेवाइकांबरोबर मिळून हे तळं विकत घेतलं आहे, त्यामुळे ते आपल्याच घरचं असल्यासारखं झालंय. दिवसभर तळ्याची कामं करायची आणि संध्याकाळी गळ टाकून बसायचं, असा शिरस्ता.

तळं ब्रेन नावाच्या प्रदेशात आहे. फ्रान्सच्या नकाशावर मध्यभागी बोट ठेवलं की आँद्र हा जिल्हा सापडतो, त्याच्या पश्चिम भागात ही तळ्यांची भूमी. जमीन चिकणमातीची आणि आम्लधर्मी, पाणी जिरत नाही, शेतीला कस नाही. मध्ययुगात मठवासीयांनी आणि जमीनदारांनी ओहोळांवर मातीचे बांध घातले आणि अडलेल्या पाण्यात कार्प वाढवला. ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असलं तरी मासा चालत असे, त्यामुळे या माशाला कायमचं गिऱ्हाईक होतं. आज तिथे हजाराहून जास्त तळी आहेत. १९८९ मध्ये हा भाग प्रादेशिक निसर्ग उद्यान झाला आणि १९९१ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला. जांभळे बगळे, नळ या उंच पाणगवताच्या बेटात दडून बसणारे, बगळ्यांच्याच कुळातले बिटर्न, व्हिस्कर्ड टर्न जातीचे सुरय, युरोपातलं तळ्यातलं कासव, असं सगळं वैभव तिथे आहे.

हे सगळं वैभव माणसाने बांधलेल्या पाण्यावर उभं आहे. बांध दुर्लक्षित राहिला की झाडांच्या मुळांनी पोखरतो, मोरी तुंबते, गाळ वर येतो, नळ आणि विलो आत सरकत जातात, आणि काही दशकांत तळ्याची दलदल आणि दलदलीचं रान होतं. पक्षी बघायला येणाऱ्यांना आणि मासे धरायला येणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते येतात तेव्हा कुणीतरी आधीच राबून गेलेलं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं काम मोरीचं. तिथल्या तळ्यांत बांधाच्या आतल्या अंगाला, सगळ्यात खोल जागी, विटांचा किंवा काँक्रीटचा उभा मनोरा असतो. त्याला फ्रेंचमध्ये 'म्वान' म्हणतात. त्याच्या तोंडाला उभ्या खाचा असतात. एका खाचेत मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून जाळी, मागच्या दोन खाचांत एकावर एक रचलेल्या लाकडी फळ्या, आणि फळ्यांच्या दोन रांगांमध्ये ठासून भरलेली चिकणमाती. वरची एक फळी काढली की तळं तेवढंच उतरतं. पुढे आणखी एक आडोसा केला की पाणी वरून न जाता तळातून खेचलं जातं, म्हणजे प्राणवायू कमी असलेलं खालचं पाणी आधी बाहेर पडतं. काही जुन्या तळ्यांत म्वान नाही, तिथे लाकडी दट्ट्या असतो. तो उचलला की सगळं पाणी एकदम सुटायला लागतं, त्यावर ताबा ठेवणं अवघड. फळ्यांची ही रचना ज्याने कुणी शोधली त्याची बुद्धी मला फार आवडते. जुनी गोष्ट, एकही यंत्र नाही, आणि पाण्याची पातळी फळीभर अंतराने राखता येते.

या खेपेला जाळी गंजली होती, दोन फळ्या कुजल्या होत्या. तळं साधारण मीटरभर उतरवलं. ब्रेनमधली तळी साखळीने जोडलेली असतात, वरच्याचं पाणी खालच्यात जातं. म्हणून खालच्या तळ्याच्या मालकाला आधी सांगितलं, त्याने आपली एक फळी काढून जागा केली, मग आम्ही आमची काढली. पाणी सोडताना गाळ ओढ्यात जाऊ नये म्हणून बांधाच्या बाहेर पेंढ्याचे गठ्ठे आडवे लावले. हे काही आमच्या मनाचं नाही. फ्रान्समध्ये तळं रिकामं करताना बाहेर जाणाऱ्या पाण्यात किती गाळ आणि किती अमोनियम चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. ट्राऊटच्या ओढ्यांच्या खोऱ्यात तर १ डिसेंबर ते ३१ मार्च तळं रिकामं करायलाच मनाई असते, कारण त्या काळात ट्राऊटची अंडी खालच्या ओढ्यातल्या खडीत असतात.

दुसरं मोठं काम जूसीचं. ही दक्षिण अमेरिकेतली पाणवनस्पती, पिवळ्या देखण्या फुलांची, शोभेसाठी युरोपात आणली गेली. आता ती तळीच्या तळी झाकून टाकते. २००७ पासून फ्रान्समध्ये तिच्या विक्रीवर बंदी आहे. तिचा बोटभर तुकडाही पाण्यात राहिला तर तिथून नवी वेल उठते, म्हणून यंत्राने कापणं म्हणजे पेरणी करणंच. हातानेच उपटावी लागते, मुळासकट. आम्ही आधी त्या भागाभोवती तरंगती जाळी लावतो, छातीपर्यंतचे रबरी वेडर घालून उतरतो, उपटलेलं सगळं होडीत टाकतो आणि तळ्यापासून लांब ताडपत्रीवर वाळत घालतो. शेवटी एकजण हातजाळं घेऊन तरंगणारे बारके तुकडे वेचतो. ते सगळ्यात कंटाळवाणं काम. त्यावरच पुढच्या वर्षाचं सगळं अवलंबून असतं.

बाकी कामं थोडक्यात. बांधावर उगवलेले विलो आणि आल्डर मनगटाएवढे असतानाच तोडायचे. मोठे झाले की मुळं बांधात शिरतात, आणि पुढे झाड मेलं की त्या कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. कॉयपू नावाचा मोठा उंदीरवर्गीय प्राणी (हाही दक्षिण अमेरिकेचाच, फरसाठी आणलेला) बांधात बिळं करतो, ती चिकणमाती आणि दगडांनी ठासून वर तारेची जाळी पसरायची. नळांचं बेट सगळं काढायचं नाही, वाऱ्याच्या बाजूचं तर हातही लावायचा नाही. थंडी पडली की उथळ भागात खडूची भुकटी पसरतात. पाण्याची आम्लता कमी झाली की गाळातल्या पानांचं कुजणं पूर्ण होतं, हे काम आम्ही निघून गेल्यावर मालक करतात.

आणि मासेमारी? ऑक्टोबरात पाणी निवत जातं, थंडीआधी कार्प भरपूर खातो. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की त्याचं खाणं मंदावतं. या खेपेला मला मिळालेला सगळ्यात मोठा १६ किलोच्या वर होता, मिरर जातीचा, पाठीवर मोजकेच मोठे खवले. वजन केलं, फोटो काढला, सोडला. पोलिश मित्राला त्याहून मोठा मिळाला.

प्रश्न असतील तर विचारा. फोटो टाकायचा प्रयत्न करतो.

रानजाई

वाचनखुण साठवली. म्वानचं वर्णन वाचून चित्र डोळ्यांपुढे आलं. मला जाण्यायेण्याबद्दल विचारायचं होतं. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना इंग्लंडमधून असं सहज जाता येतं का? माझा भाऊ स्विंडनला आहे, त्यालाही मासेमारीचं वेड आहे.

काठावरचा

रानजाई ताई, सहज नाही. इंग्लंडमध्ये कायमचं वास्तव्य मिळालेलं असलं तरी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच. माझा दरवेळी दोन-अडीच महिने आधी अर्ज जातो. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागत नाही, पण १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा त्यांनाही आहे. भावाला सांगा, मुक्काम कुठे आहे त्याचं मालकाचं पत्र घ्यावं. तळ्याचा पत्ता हॉटेलसारखा नसतो, तो कागदावर नीट दिसला पाहिजे. आणि दुसऱ्याच्या व्यावसायिक तळ्यावर 'काम करा, भाडं माफ' असा सौदा कुणी देऊ केला तर व्हिसाच्या अटी आधी तपासाव्यात. मोबदल्यातलं काम पर्यटक व्हिसात बसेल असं धरून चालू नये. आम्ही मित्राच्या घरी पाहुणे म्हणून जातो आणि आपला खर्च आपण करतो.

फोकस्टोनहून गाडीसकट रेल्वेत चढायचं, ३५ मिनिटांत कॅले. तिथून रुआँ, ऑर्लेआँ, शातोरू असं जवळपास ६०० किलोमीटर. इंग्लंडमधून मांस आणि दूध-दुभतं युरोपीय संघात नेता येत नाही, म्हणजे पराठ्याबरोबरचं घरचं दहीसुद्धा नाही. किराणा तिथेच घ्यायचा.

लेस्टरकर

वा, आपल्या माणसाने कार्पवर लिहिलेलं पहिल्यांदाच वाचतोय! मीही बरीच वर्षं या छंदात आहे, थोडी भर घालतो.

इंग्लंडमध्ये मोठा कार्प गळाने धरणं जवळपास अशक्य असं एके काळी मानत. १९५२ च्या सप्टेंबरात रिचर्ड वॉकर यांनी हेरफर्डशरमधल्या रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प धरला आणि तो समज मोडला. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयात ठेवला होता आणि तिथे अनेक वर्षं जगला. नंतर दोन गोष्टींनी हा खेळ बदलला. एक बॉयली, म्हणजे अंड्यात मळून उकडलेली गोळी. उकडल्यामुळे ती टणक होते आणि बारके मासे कुरतडू शकत नाहीत. दुसरी हेअर रिग, १९८० च्या आसपास लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी काढलेली. तिच्यात आमिष गळावर टोचत नाहीत, गळाच्या मागे बारीक दोऱ्यावर लोंबतं ठेवतात. कार्प आमिष तोंडात ओढून चाचपतो आणि संशय आला तर थुंकतो. थुंकताना मोकळा गळ खालच्या ओठात रुततो.

काठावरचा, तुम्ही बॉयली विकतच्या वापरता की घरच्या? आणि व्हायरससाठी काय काळजी घेता?

काठावरचा

लेस्टरकर, घरच्या म्हणजे तिथे जाऊन केलेल्या. अंडी, दुधाची पावडर, माशाचं पीठ हे सगळं सीमेवर अडचणीचं. त्यामुळे तिथल्या दुकानातून रवा आणि सोयाबीनचं पीठ समप्रमाणात, स्थानिक अंडी, ठेचलेला लसूण, आणि माझ्या डबीतला चिमूटभर हिंग. मळून, वळून, दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात. पोलिश मित्र मका भिजवून उकडतो. मका असो की टायगर नट, चोवीस तास भिजवून चांगला उकडल्याशिवाय पाण्यात टाकायचा नाही हा आमचा कडक नियम आहे. कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो.

व्हायरसचा प्रश्न चांगला काढलात. इतरांसाठी सांगतो: कोई हर्पीस विषाणू कार्पचा काळ आहे, १९९० च्या दशकाच्या शेवटी तो ओळखला गेला. पाणी १६ ते २८ अंशांच्या दरम्यान असताना तो भडकतो आणि तळ्यातले बहुतेक कार्प मारू शकतो. माणसाला काही होत नाही. ओली जाळी एका तळ्यावरून दुसऱ्यावर नेली की तो पसरू शकतो. म्हणून आमच्या तळ्यावर कुणीही स्वतःचं जाळं, चटई, वजनाची झोळी आणत नाही. सगळं तिथलंच आणि तिथेच राहतं. वेडर मात्र स्वतःचे असतात, ते घरून धुऊन कडक वाळवून न्यायचे. यात मी कुणालाही सूट देणार नाही, तो कितीही जुना मित्र असो.

कृष्णाकाठ

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक गोष्ट मनापासून विचारते, राग मानू नका. खाण्यासाठी मासा धरला तर समजतं. सोडूनच द्यायचा असेल तर त्याच्या तोंडात गळ का रुतवायचा? त्याला वेदना होत नाहीत का?

काठावरचा

कृष्णाकाठ, राग मुळीच नाही. ट्राऊटच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात हे २००३ च्या संशोधनात दाखवलं गेलं आहे. माशाला कसं आणि किती जाणवतं यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, पण त्याला जाणवतं असं धरूनच मी वागतो. म्हणजे हा खेळ निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. माशाला त्रास होतो.

तो त्रास कमीत कमी करणं आपल्या हातात आहे. गळाची काटेरी उलटी जीभ काढलेली. दोरी तुटलीच तर शिसं आपोआप सुटून पडेल अशी जोडणी, नाहीतर मासा ते वजन ओढत झुडपात अडकून मरतो. काठावर आणण्याआधी चटई ओली करायची, हात ओले करायचे, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, आणि तो थरच त्याचं संरक्षण आहे. मासा हातात घेऊन उभं राहायचं नाही, चटईवर गुडघे टेकून जमिनीलगतच धरायचा. गळ काढल्यावर जखमेला जंतुनाशक. पाण्याबाहेर मिनिटभर, फार तर दोन. उन्हाळ्यात पाणी तापून प्राणवायू कमी झाला की मासेमारी पूर्ण बंद. ० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. थकलेल्या माशासाठी एवढा फरक जीव घेणारा ठरतो.

आणि का धरायचा, याचं माझं उत्तर असं: आमच्या तळ्यातले मोठे कार्प वीस-तीस वर्षांचे आहेत. प्रत्येकाचे खवले वेगळे, त्यावरून ते ओळखू येतात. त्यांची नोंदवही आहे. कोण कधी मिळाला, वजन वाढलं की घटलं, अंगावर जखम आहे का. पाणी बिघडत असेल तर ते त्या वहीत आधी दिसतं. शिवाय त्या तळ्याचा बांध नीट राहावा म्हणून पैसे आणि अंगमेहनत घालणारी माणसं तिथे आहेत ती या माशांच्या ओढीने. हे उत्तर तुम्हाला पुरेसं वाटेलच असं नाही, आणि न वाटणंही मला समजतं.

कृष्णाकाठ

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मी स्वतः गळ हातात घेणार नाही, पण जूसी उपटायला नक्की येईन.

मालवणी_गरी

दादा, आम्ही लहानपणापासून खाडीत गरी टाकणारे. गरवून आणलेला मासा सोडायचा म्हणजे आमच्या घरात मोठाच वाद होईल. तिथली माणसं कार्प खातच नाहीत का?

आणखी एक. चिखलपाण्यात उतरताय आणि उंदरासारखी जनावरं आहेत म्हणता, तर लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या तापाचं) काय? आमच्या सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत त्याने माणसं दगावलेली आहेत.

काठावरचा

खातात तर! ब्रेन हा मत्स्यशेतीचाच मुलूख. ऑक्टोबरपासून हिवाळाभर तिथे व्यावसायिक तळी रिकामी करून मासे काढतात. या खेपेला शेजारच्या तळ्यावर ते बघायला मिळालं. पाणी उतरत उतरत बांधापाशी खोल खड्ड्यात उरतं, सगळे मासे तिथे गोळा होतात. मग माणसं दोन बाजूंनी लांब जाळं ओढत आणतात, मासे लांब टेबलावर ओतून वेगळे करतात. कार्प, टेंच, रोच, पाईक, प्रत्येकाचा वेगळा पिंप. अवघं गाव बांधावर जमलेलं. दोन-अडीच किलोचा, तीन उन्हाळे जगलेला कार्प बाजारात जातो. तळलेला किंवा धुरावलेला कार्प तिथल्या खाणावळीत मिळतो, मी खाल्ला, चांगला लागतो. काटे फार, पण ते बारीक चिरा पाडून तळतात. पोलिश मित्राकडे तर नाताळच्या आदल्या रात्री कार्प असल्याशिवाय ताट पूर्ण होत नाही. आमचं तळं वेगळं, तिथला म्हातारा मासा खाण्याचा नाही.

लेप्टोचा मुद्दा फार महत्त्वाचा, मूळ लेखात यायला हवा असा. कॉयपू आणि उंदीर दोघांच्याही मुतातून तो पाण्यात येतो. हातावर साधं खरचटलेलं असलं तरी जलरोधक पट्टी, वर लांब रबरी हातमोजे. जेवणाआधी साबणाने हात, काठावर बसून विडी-सिगारेट नाही. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरला 'तळ्यात काम केलं होतं' हे आपणहून सांगायचं.

वेडरबद्दलही सांगतो. गाळात एकट्याने कधीही उतरायचं नाही. कमरेला पट्टा घट्ट, म्हणजे पडलात तर वेडरमध्ये पाणी भरत नाही. काठावर दोर घेऊन एकजण उभा. पाय रुतला की ओढाताण न करता मागे रेलायचं आणि हाक मारायची.

धानपट्टा

मी गोंदियाचा. आमच्याकडचे मालगुजारी तलाव या धाग्यात यायलाच पाहिजेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो जुने तलाव आहेत, धानाच्या पाण्यासाठी बांधलेले. त्यांनाही मातीची पाळ आहे, पाणी सोडायला तुडुम आहे, एकाचं जास्तीचं पाणी दुसऱ्यात जाण्याची साखळी आहे. तुम्ही लिहिलेलं वाचताना मला आमचाच तलाव दिसत होता.

१९५० च्या दशकात मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि पाळीकडे बघणारं कुणी राहिलं नाही. गाळ भरला, बेशरमाची झुडपं माजली. अलीकडे काही गावांत ढिवर या मासेमार समाजाच्या लोकांनी, त्यात बायका पुढे आहेत, बेशरम उपटून काढलं, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या भागात नांगरट केली आणि देशी पाणवनस्पती परत लावल्या. मासे आणि पक्षी परतले. ही माणसं छंद म्हणून उतरली नव्हती, त्यांचं पोट त्यावर आहे.

आणि काठावरचा भाऊ, तुमच्या लाडक्या कार्पबद्दल आमची तक्रार आहे. तो इकडचा नाही. १९३९ मध्ये सिलोनहून नीलगिरीत आणला, मग १९५७ मध्ये बँकॉकहून दुसरी जात आली. संस्थांनी बीज टाकलं की हा सिप्रिनस (कार्पचंच इकडचं नाव) तळाचा चिखल उकरतो, पाणवनस्पतींची मुळं उखडतो, पाणी गढूळ. मग मरळ आणि शिंगीसारख्या देशी माशांना लपायला, अंडी घालायला जागाच राहत नाही.

काठावरचा

धानपट्टा भाऊ, हा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा मोलाचा आहे. तक्रार पूर्ण मान्य. कार्प मूळचा डॅन्यूब आणि काळ्या समुद्राच्या खोऱ्यांपासून पूर्वेकडचा. फ्रान्सच्या तळ्यांतही तो माणसानेच नेला. तिथेही जास्त कार्प सोडले की तुम्ही म्हणता तेच होतं: पाणी गढूळ, तळाशी उजेड नाही, वनस्पती मेल्या, आणि मग फक्त हिरवं शेवाळ. आमच्या मालकांनी आधीच्या मालकाने कोंबलेले कितीतरी कार्प काढून मत्स्यशेतीवाल्यांना विकले, त्यानंतर दोन-तीन वर्षांत पाणी निवळलं आणि कमळपानं पुन्हा दिसू लागली. महाराष्ट्रात देशी तलावांत सिप्रिनस टाकू नये, याच मताचा मी आहे. खेळासाठी तर नाहीच नाही.

पाळ, तुडुम आणि उन्हाळ्यातल्या नांगरटीबद्दल वेगळा धागा काढाल का? लिऑनजवळ दोंब म्हणून तळ्यांचा आणखी एक मुलूख आहे. तिथे चार-पाच वर्षं तळं भरलेलं ठेवतात, मग एक वर्ष कोरडं करून त्याच तळात पीक घेतात. गाळ तापतो, कुजतो, पिकाला खत होतो, आणि पुन्हा पाणी भरलं की मासे जोमाने वाढतात. ही पद्धत मध्ययुगापासून चालू आहे.

रानजाई

म्हणजे आपली गाळपेरच की! उजनीचं पाणी उतरलं की आमच्या आजोळी लोक तळातल्या गाळात पेरतात. फक्त आपल्याकडे पाणी आपोआप उतरतं, तिथे ठरवून उतरवतात.

काठावरचा

अगदी बरोबर. ठरवून उतरवण्यात फायदा हा की सगळा तळ एकदा उघडा पडतो, आणि मोरी, बांध, बिळं सगळं कोरड्यात तपासता येतं. आपल्याकडे गाळमुक्त धरण योजनेत गाळ शेतात जातो ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र गाळ काढताना तळाची चिकणमातीही खरवडून निघाली तर तलाव पाणी धरत नाही. कुठे थांबायचं हे जुन्या जाणत्याला विचारूनच पोकलेन लावावा.

पवईकर

पवई तलावाच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. हौशी गळवाले आपल्याकडेही आहेत. जलपर्णीने तलाव झाकला जातो तेव्हा त्याचा सगळ्यात आधी त्रास त्यांना होतो. पण जलपर्णी आणि तुमची जूसी यांत फरक आहे: इथे सांडपाणी येतंय. वर्षानुवर्षं यंत्राने जलपर्णी काढतात आणि ती परत येते, कारण तिचं खाद्य नाल्यांतून रोज येतंच आहे. शिवाय पवईत मगरी आहेत, वेडर घालून उतरा असं कुणालाही सांगता येणार नाही.

काठावरचा

पवईकर, खरं आहे. सांडपाणी थांबल्याशिवाय हाताने उपटण्याला अर्थ नाही. पण काठावर रोज बसणारा गळवाला पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे हे सगळ्यांच्या आधी बघतो. कुठल्या नाल्याचं पाणी कुठल्या दिवशी बदललं याची तारीखवार नोंद त्याने ठेवली तर ती महापालिकेपुढे ठेवता येते. आमच्या तळ्यावरच्या वहीत पाण्याचं तापमान आणि चकतीने मोजलेली पारदर्शकताही लिहितात. पांढरी-काळी चकती दोरीने सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोर मोजायचा. घरी करता येते, पैसे जवळपास लागत नाहीत.

लोणावळ्यात वळवणला टाटा पॉवरचं महसीरचं बीजकेंद्र १९७० च्या दशकापासून आहे. कार्पच्या कुळातला आपला देशी, जिगरबाज मासा तो. माझ्या मते आपल्याकडच्या गळवाल्यांची ओढ तिकडे वळायला हवी.

मालवणी_गरी

चकतीची कल्पना आवडली. आमच्या गावात देवळामागे तळी आहे, तिच्यात पूर्वी पोहायचो, आता शेवाळाने भरलीय. दिवाळीत येणाऱ्या चाकरमान्यांना घेऊन काढायची म्हणतोय. यंत्र लावू की हाताने?

काठावरचा

किती मोठी आहे आणि पाणी कुठून येतं ते सांगा. झऱ्याची असेल तर आधी झऱ्याचं तोंड शोधून मोकळं करा, तिथे यंत्र अजिबात नको. शेवाळ एका दिवसात सगळं काढू नका. अर्धी तळी या आठवड्यात, उरलेली नंतर, म्हणजे आतले बेडूक आणि मासे सरकतील. काढलेलं शेवाळ रात्रभर काठावरच ठेवा, त्यातले जीव परत पाण्यात जातात, आणि दुसऱ्या दिवशी मात्र ते लांब न्या, नाहीतर कुजून त्याचा रस पावसाबरोबर पुन्हा तळीतच येतो. दिवाळीपर्यंत वेळ आहे, तोवर चकती करून आठवड्यातून एकदा मोजायला सुरुवात करा.

धानपट्टा

मालवणी भाऊ, तळीच्या काठची देशी गवतं आणि कमळं ओळखून ठेवा, साफसफाईत ती पहिली जातात. फोटो इथे टाका, ओळखायला मदत करतो. मालगुजारी तलावांचा धागा रविवारी काढतोय.

लेस्टरकर

काठावरचा, पुढच्या ऑक्टोबरात जूसी उपटायला एक माणूस कमी पडत असेल तर मी आहे. वेडर माझे, जाळं तुमचं. व्यनि केला आहे.